लिफ्टच्या कार्डावरचं फ्रेंच

फ्रेंचमध्ये टेबल ही बाई असते आणि पुस्तक हा बुवा. का, ते विचारायचं नाही. खुर्चीही बाईच, पण पंखा बुवा. बाईच्या आधी ‘ला’ लावायचा आणि बुवाच्या आधी ‘ल’. एवढं शिकायला मी एकसष्टाव्या वर्षी बाकावर बसलो. ते बाकही लहान मुलांच्या मापाचं होतं, गुडघे आत जाईनात.

शिकवणाऱ्याला संस्थेत सगळे मेर्सीसाहेब म्हणतात. ‘मेर्सी’ म्हणजे आभारी आहे. दार उघडलं, मेर्सी. चहा आला, मेर्सी. दुसऱ्याचं अठरा वर्षांचं काम उचलून स्वतःच्या नावावर केलं, तरी मेर्सीच. संस्था त्यांची, खुर्ची त्यांची, भिंतीवरचे फोटोही त्यांचेच. माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहेत, पण मला ‘काका’ म्हणतात.

माझी बायको त्यांच्याकडे अठरा वर्षं फ्रेंच शिकवायची. त्याआधी ती एका जहाज कंपनीत टायपिस्ट होती. तिथं फ्रेंच पत्रं यायची, ती बघून बघून टाइप करता करता भाषा शिकली. फक्त बेसिकचा वर्ग घ्यायची. “बेसिकच्या पुढे मी जात नाही, पुढे माझा पाय घसरतो,” म्हणायची. मेर्सीसाहेब मात्र अॅडव्हान्स शिकवायचे, कारण अॅडव्हान्सला विद्यार्थी येतच नसत.

मी लिफ्टचा मेकॅनिक. छत्तीस वर्षं एकाच कंपनीत काढली. आमच्याकडे प्रत्येक लिफ्टचं एक कार्ड असतं. जाड, पिवळं, वर भोक पाडलेलं. एका बाजूला छापील रकाने असतात: तारीख, वायर रोप, ब्रेक, तेल, दरवाजा, सही. दुसरी बाजू कोरी. कार्ड गच्चीवरच्या मशीन रूममध्ये खिळ्याला टांगलेलं असतं. काम केलं की नोंद करायची आणि सही ठोकायची. नोंद झालेलं कार्ड त्या खोलीबाहेर न्यायचं नाही. अपघात झाला तर पहिल्यांदा तेच बघतात. हा नियम मी किती नव्या लोकांच्या डोक्यात घातला असेल, मोजदाद नाही.

एका वर्षी कंपनीनं कार्डांचा नमुना बदलला आणि जुनी कोरी कार्डं रद्दीत काढली. मी दीडशेक घरी आणली. बायको म्हणाली, “अहो, ही घाण घरात आणलीत ती मला द्या.” मग तिनं कोऱ्या बाजूंवर फ्रेंच लिहायला सुरुवात केली. एका कार्डावर व्याकरणाचा एकच मुद्दा. खाली पाच वाक्यं. सहा नाही, चार नाही, पाच. सगळ्यात खाली ‘रेपाँस’, म्हणजे उत्तर, आणि पुढे एक रिकामी ओळ. विद्यार्थ्यानं ती ओळ वहीत भरून दाखवल्याशिवाय त्याला पुढचं कार्ड मिळायचं नाही. दर वर्षी चुका खोडून, नवीन लिहून, शेवटी एकशे चाळीस कार्डं झाली. ती ओवायला वायर मी पीळ देऊन दिली. माझा हातभार एवढाच.

मला शिकवायचाही तिनं प्रयत्न केला होता. मी म्हटलं, “कोणाशी बोलू फ्रेंच, लिफ्टशी?” त्यावर ती मला ‘तेत्यू’ म्हणाली. म्हणजे हट्टी. पुढे मग ते रोजचंच झालं. भाजी चिरताना तेत्यू, चष्मा सापडला नाही की तेत्यू. फ्रेंचमधला मला येणारा शब्द तो एकच.

ती गेली. दवाखान्यात सोळा दिवस होती.

नंतर लोक भेटायला आले. एकेक जण सोफ्यावर बसायचा, माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा, मग दुसऱ्या हाताच्या घड्याळाकडे बघायचा. मेर्सीसाहेब पाचव्या दिवशी आले. पुष्पचक्र एवढं मोठं की दारातून शिरेना, आडवं करून आत घ्यावं लागलं. त्यांनी मॅडमच्या त्यागाबद्दल बरंच सांगितलं. मग म्हणाले, “काका, त्यांची ती कार्डं... त्यांच्या स्मरणार्थ आपण पुस्तक काढू.”

मी उठलो, कपाट उघडलं आणि अख्खा जुडगा त्यांच्या हातात दिला. उलटूनही पाहिला नाही. तिच्या अक्षराकडे मला बघवत नव्हतं, हे खरं. पण बघवत नाही म्हणून वस्तू देऊन मोकळं व्हायचं, एवढा बेअक्कलपणा मेर्सीसाहेबांनीही केला नसता. तो मी केला.

पाच महिन्यांनी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, जिभेला अगदी थोरलीच्या वळणाची. कपाट आवरायला घेतलं आणि मध्येच थांबली.

“भाऊजी, ताईची कार्डं कुठायत?”

“दिली मेर्सीला. पुस्तक काढतोय.”

“सगळी?”

“मग काय, अर्धा डझन?”

ती खालीच बसली. “शेवटचं तरी काढून घेतलंत ना?”

“कुठलं शेवटचं?”

“अहो, तुमचं! दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी लिहिलं तिनं तुमच्यासाठी. एकशे चाळिसावं. मला म्हणाली, सांगू नकोस, त्यांचं ते उलटून बघतील.”

“मला काय माहीत?”

“तीन मजल्यांवरून कुठला पट्टा सैल झालाय ते तुम्हाला कळतं. घरातल्या कपाटात काय आहे ते नाही कळलं?” ती म्हणाली. मग रडली. मग म्हणाली, “जा आणि घेऊन या. त्याशिवाय मला तोंड दाखवू नका.”

मी दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. सात मजली इमारत, संस्था पाचव्यावर. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे न बघता विचारलं, “नाव नोंदवायचंय?”

“कार्डं परत हवीत.”

“कसली कार्डं?”

मी सांगितलं. ती आत जाऊन आली. “सर म्हणतात, पाठ्यसाहित्य फक्त विद्यार्थ्यांना मिळतं.”

“सरांना बाहेर बोलवा.”

“सर मीटिंगमध्ये आहेत.” आतून टीव्हीवरच्या मॅचचा आवाज येत होता.

मग मी विद्यार्थी झालो. काय करणार? फॉर्म भरला. ‘फ्रेंच शिकण्याचे उद्दिष्ट’ या रकान्यात ‘वस्तू परत मिळवणे’ असं लिहिलं. कोणी वाचलं नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला पुस्तक दिलं. ‘सोपं फ्रेंच’. मुखपृष्ठावर मेर्सीसाहेब, हाताची घडी घालून. आत चौथ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात: ‘संस्थेच्या एका माजी शिक्षिकेच्या सहकार्याने.’ एका. जशी पन्नासेक शिक्षिकांमधून चिठ्ठी टाकून काढली होती.

वर्गात माझ्याशिवाय बावीस जण. कोणाला परदेशी जायचं होतं, कोणाला परदेशी जाणार असं नातेवाइकांना सांगायचं होतं. एक जण रोज विचारायचा, परीक्षेला हे येणार का. मी पाच मिनिटं उशिरा पोचायचो, कारण त्या इमारतीची लिफ्ट मला आवडत नव्हती. थांबताना बोटभर खाली जायची आणि मग वर यायची. मी जिन्यानं यायचो. दारात दिसलो की मेर्सीसाहेब घड्याळ दाखवून म्हणायचे, “त्रो तार, काका, त्रो तार!” फार उशीर. वर्ग हसायचा. रोज तोच विनोद, रोज तेच हसू.

भाषा म्हणावी तर तीही तसलीच. नाही म्हणायचं तर एका शब्दात भागत नाही. क्रियापदाच्या अलीकडे ‘न’ आणि पलीकडे ‘पा’, दोन्हीकडून वॉशर लावून बोल्ट आवळल्यासारखं. यांना भूक लागत नाही, यांच्याकडे भूक असते, सायकल असावी तशी. उद्या काही करायचं तर आधी ‘जातो’ म्हणायचं: वाचायला जातो, म्हणजे वाचणार. जायचं मात्र कुठेच नसतं. आणि लिहायची सात अक्षरं, म्हणायची चार. उरलेली तीन कशाला ठेवलीत, शोभेला? माझ्या हाताखाली असलं काम कोणी केलं असतं तर मी ते उलगडून पुन्हा करायला लावलं असतं.

हे सगळं मी वहीत उतरवत होतो. रोज वर्ग सुटला की मेर्सीसाहेबांना विचारायचो, “सर, कार्डं?” ते म्हणायचे, “बघतो, काका. छापखान्यात आहेत.” चौथ्या आठवड्यापर्यंत हेच.

चौथ्या आठवड्यात मधले बरेच धडे गाळून शेवटचा धडा उघडला. “आता थोडे तांत्रिक शब्द,” मेर्सीसाहेब म्हणाले. “माझ्यामागून म्हणा. ल काब्ल.”

“ल काब्ल,” बावीस जणांनी म्हटलं.

“म्हणजे वायर रोप. ल फ्राँ, ब्रेक. लुइल, तेल. ला पोर्त, दरवाजा.”

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. वायर रोप, ब्रेक, तेल, दरवाजा. त्याच क्रमानं. माझ्या कार्डावरचे रकाने.

“आता वाक्यं. त्याच्या बाह्यांवर तेल आहे.” सगळ्यांनी फ्रेंचमध्ये म्हटलं. “माझा नवरा माझं ऐकत नाही. मों मारी न मेकूत पा.”

“मों मारी न मेकूत पा,” वर्ग ओरडला आणि हसला. पुढच्या बाकावरची मुलगी तर डोळे पुसायला लागली.

“तो लिफ्टचं ऐकतो. इल एकूत लासाँसर.”

“सर,” त्या मुलीनं विचारलं, “नवरा लिफ्टचं का ऐकेल?”

मेर्सीसाहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं. “फ्रेंच संस्कृतीत असे सूक्ष्म विनोद असतात.”

मी हात वर केला. “सर, हा नवरा कोणाचा?”

“काका, हे काल्पनिक वाक्य आहे. नवरा कोणाचाही असू शकतो.”

“कोणाचाही नाही,” मी म्हटलं.

माझ्या शर्टाच्या बाह्यांकडे कोणी पाहिलं नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी ते डाग गेलेले नाहीत. बावीस परकी माणसं माझ्या बायकोची माझ्याबद्दलची तक्रार चालीवर म्हणत होती, आणि ज्याच्यासाठी ती लिहिली तो मागच्या बाकावर गुडघे आखडून बसला होता.

मी पानावरची वाक्यं मोजली. तीन. त्याखाली ‘रेपाँस’ आणि रिकामी ओळ.

वर्ग सुटल्यावर मी दार लावून घेतलं. “हिच्या प्रत्येक कार्डावर पाच वाक्यं आहेत. इथं तीन का?”

“काका, संपादन करावं लागतं.”

“काय लिहिलं होतं त्या दोनांत?”

“आता सगळं कसं आठवेल? काहीतरी वैयक्तिक होतं. अभ्यासक्रमात बसत नव्हतं.”

“नवरा ऐकत नाही हे अभ्यासक्रमात बसलं?”

“ते विनोदी आहे ना.”

“कार्ड कुठंय?”

त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. “काका, खरं सांगू का? टायपिंग झालं की कार्डांचा उपयोग संपला. ऑफिस आवरलं तेव्हा शिपायाला सांगितलं, जुनं सगळं काढ. रद्दीत गेली असतील. पण मजकूर आहे ना पुस्तकात! अमर झाल्या मॅडम.”

हात उचलावा एवढीही या माणसाची लायकी नव्हती. मी बाहेर आलो.

शिपाई पॅसेजमध्ये स्टुलावर बसून कांदेबटाटे निवडावेत तसे खडू निवडत होता, मोठे एका डब्यात, तुकडे दुसऱ्यात. मी विचारलं, “ऑफिस आवरताना पिवळी कार्डं होती. वायरीत ओवलेली. कुठल्या रद्दीवाल्याला दिली?”

“रद्दी?” तो दचकला. “ती कशी रद्दीत देईन, साहेब? लिफ्टची कार्डं होती. वर छापलेलंच आहे ना, ब्रेक, तेल, सही. म्हटलं, सरांच्या टेबलावर ही आली कुठून? कोणी तपासायला आलं तर आपल्यावर यायचं. नेऊन टांगली मशीन रूममध्ये, खिळ्यावर. चूक झाली का?”

त्या अख्ख्या संस्थेत कार्ड हातात घेतल्यावर ते वाचणारा हा एकटाच निघाला. तोही चुकीच्या बाजूनं.

“किल्ली आण,” मी म्हटलं.

गच्चीवरच्या त्या खोलीत तेलाचा, गरम तारेचा वास होता. खिळ्यावर माझी वायर, मीच पीळ दिलेली, आणि वायरीत पिवळा जुडगा. मी तो उतरवला नाही. आधी पहिलं कार्ड बघितलं. त्यावर गेल्या चार महिन्यांच्या चार नोंदी होत्या. इथं येणाऱ्या मेकॅनिकला वरच कार्ड दिसलं, त्यानं भरलं. चारही ओळी एकाच पेनानं. ब्रेक, ठीक. खाली तीन वेळा ‘सदर’, म्हणजे वरीलप्रमाणे. सही म्हणजे नुसती रेघोटी.

मी शिपायाला तळमजल्यावर पाठवलं. लिफ्ट रिकामी करून दार लावलं, असा त्याचा फोन आल्यावर मेन स्विच पाडला आणि ब्रेक बघितला. लायनर, म्हणजे ब्रेकच्या पकडीच्या पट्ट्या, झिजून आतले रिव्हेट दिसायला लागले होते. बोटभर खाली का जात होती ते कळलं. चार महिने ठीक. सदर, सदर, सदर. ही लिफ्टही आमच्याच कंपनीकडे होती. मी जुन्या सुपरवायझरला फोन लावला आणि काय पाहिलं ते सांगितलं. तो म्हणाला, “बंदच ठेवा, उद्या माणूस पाठवतो.” मग मी त्याच कार्डावर पाचवी ओळ भरली: ब्रेक लायनर संपले, लिफ्ट बंद ठेवली, कंपनीला कळवलं. खाली सही. निवृत्त, असंही लिहिलं.

नोंद झालेलं कार्ड खोलीबाहेर जात नाही. मी वायर उलगडली, पहिलं कार्ड परत खिळ्याला लावलं. त्याच्या मागच्या बाजूला ‘ल’ आणि ‘ला’ होते. टेबल बाई, पुस्तक बुवा. ते राहिलं तिथंच. बाकी एकशे एकोणचाळीस मी मोटरशेजारच्या पेटीवर ठेवली आणि सगळ्यात खालचं ओढून काढलं.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. मेर्सीसाहेब दाराला धरून उभे राहिले. कोट काखेत, टाय खांद्यावर.

“काका... लिफ्ट... कोणी बंद केली?”

“मी.”

“अहो, खाली पाहुणे... आलेत... अधिकार काय तुमचा?”

“ब्रेक संपलेत. तुमचे पाहुणे त्यातून खाली गेले असते, ते कायमचेच. उद्या माणूस येईल. तोवर जिना आहे.”

त्यांची नजर पेटीवर गेली. लगेच आवाज मऊ झाला. “अरे वा, सापडली का! बरं झालं. दुसऱ्या आवृत्तीला लागतीलच. काका, ही संस्थेकडेच राहू देत. यावेळी मॅडमचं नाव मुखपृष्ठावर घालू. माझ्या खाली.”

“नको.”

“का?”

“तुमच्या फोटोखाली तिचं नाव बरं नाही दिसणार. आणि कार्डावर शिक्का बघा कोणाचा आहे. संस्थेचा आहे का?”

त्यांनी बघितलं. शिक्का आमच्या कंपनीचा होता. रद्दीतल्या कार्डावर कंपनीचाही हक्क नव्हता, पण ते त्यांना कुठं ठाऊक? ‘मेर्सी’ म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं. उतरायला लागले. सात मजले. बराच वेळ बुटांचा आवाज येत होता.

मग मी कार्ड खिडकीजवळ धरलं. अक्षर वेडंवाकडं झालं होतं, ओळी उताराला लागल्या होत्या. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिला पेन धरवत नव्हतं, आणि मी तेव्हा कुणाच्या तरी लिफ्टचा दरवाजा नीट करायला गेलो होतो. निवृत्त असून. जुनं गिऱ्हाईक म्हणून.

पहिली तीन वाक्यं पाठ होती, बावीस जणांच्या आवाजात. चौथं वाचलं. इल ए तेत्यू. तो हट्टी आहे. यासाठी वर्गाची गरज नव्हती.

पाचवं लांब होतं. वही काढली. ‘वा लीर’, वाचायला जातो, म्हणजे वाचणार. ‘सेत कार्त’, हे कार्ड. शेवटचे दोन शब्द शोधावे लागले नाहीत. महिनाभर दारात ऐकत आलो होतो. त्रो तार.

तो हे कार्ड वाचणार, फार उशिरा.

आणि हे वाक्य मेर्सीसाहेबांना अभ्यासक्रमात बसत नाही असं वाटलं. व्याकरणात तर एक चूक नव्हती.

खाली ‘रेपाँस’ आणि रिकामी ओळ. मी खिशातली पेन्सिल काढली. जे सुचत होतं त्याला लागणारे शब्द पुढच्या वर्गात शिकवतात. शेवटी ‘वी’ लिहिलं, हो. फ्रेंचमध्ये लिहायला तीन अक्षरं, तीही वहीत बघून. त्यापुढे तारीख घातली आणि सही केली, पूर्ण नावाची.

तिचा नियम होता, ओळ भरली की पुढचं कार्ड. एकशे चाळिसाच्या पुढे कार्ड नव्हतं हे मला माहीत होतं. तरी मी उलटून पाहिलं. तारीख, वायर रोप, ब्रेक, तेल, दरवाजा, सही. सगळे रकाने कोरे.